छत्तीस नंबर

माझ्या मिगच्या डाव्या चाकाच्या खोबणीत सतरा तारा आहेत. विमान टेबलावर उभं असताना त्या दिसत नाहीत. ते उलटं धरून आत टॉर्च मारावा लागतो. घरी येणारे मित्र बघतात, ‘बापरे’ म्हणतात आणि चहाकडे वळतात. तार कुठली, असं अजून कोणी विचारलेलं नाही. ती धारणीची आहे.

किट चिनी आहे, 1:32 प्रमाणातलं मिग-21. खऱ्या विमानातले 32 मिलिमीटर म्हणजे इथला एक. खऱ्याचे पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 7.15 मीटर, माझ्याचे 22 सेंटिमीटरांच्या थोडे वर. 1:72 च्या चिमुकल्या विमानात चाकाची खोबण म्हणजे एक खड्डा. काळा रंग फासला की भागतं. या मापात तसं भागत नाही. किटात खोबणीच्या भिंतीवर नळ्यांच्या जागी नुसते उंचवटे ओतलेले होते. नळी भिंतीपासून सुटी हवी, तिच्यामागे तिची स्वतःची सावली पडायला हवी. म्हणून ते उंचवटे पात्यानं खरवडून काढायचे आणि तिथं तारेच्या नळ्या बसवायच्या. किटात जे नाही ते हातानं घडवायचं, याला आमच्या छंदात ‘स्क्रॅच बिल्डिंग’ म्हणतात. सहा मिलिमीटरची नळी 32 नं भागली की 0.19 येतात. छत्तीस नंबरच्या वाइंडिंगच्या तारेची जाडी 0.193 मिलिमीटर. हा भागाकार झाला तेव्हा मी उठलो आणि कपाटाच्या वरच्या फळीवरून एक जुना पत्र्याचा डबा काढला.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत गुरुजी. 1983 साली त्यांची बदली मेळघाटात धारणीला झाली. परतवाड्याहून घटांग, सेमाडोह, हरिसाल करत एसटी आम्हाला घेऊन वर चढली तेव्हा आई सबंध घाटभर बोलली नव्हती. मी नऊ वर्षांचा होतो आणि मला सगळंच आवडत होतं. त्यातही बाजाराकडे जाताना लागणारं एक टिनाचं दुकान. दारात जळक्या वार्निशचा वास, खिळ्यांना टांगलेल्या जुन्या कॉइली, आणि आत मांडी घालून बसलेले मिस्त्री. त्यांना नावानं कोणी हाक मारत नसे. कोरकू गिऱ्हाइकाशी ते कोरकूत बोलत, बऱ्हाणपूरकडच्या व्यापाऱ्याशी हिंदीत आणि आमच्याशी वऱ्हाडीत. तिन्ही भाषांत आवाज तेवढाच हळू.

शाळा सुटली की मी तिथं. जळालेली मोटार आली की मिस्त्री आधी तिला हात लावत नसत, वही काढत. स्लॉट किती, कॉइल कितव्या स्लॉटातून निघून कितव्यात जाते, एका कॉइलला वेढे किती, तार कोणत्या नंबरची. हे सगळं लिहून झाल्यावरच छिन्नी. “उपसल्यावर कोणाले इचारशीन?” एवढंच ते सांगत. मग जुनं तांबं उपसायचं, स्लॉट घासून साफ करायचे, प्रत्येकात कागद घालायचा, नवी कॉइल बोटांनी दाबत दाबत आत बसवायची आणि वरून बांबूची पट्टी ठोकायची. तार स्लॉटाबाहेर उसळू नये म्हणून ही पट्टी असते. मिस्त्री ती विकत आणत नसत. बांबू उभा चिरून, चाकूनं तासून, दोन्ही कडा किंचित उतरत्या करून ते स्वतः करत आणि तयार पट्टी गालावर फिरवून बघत. गालाला कुस लागली तर तारेच्या वार्निशलाही लागणार. (पुढं नव्वदच्या दशकात सुनील आणि निरुपमा देशपांडे यांनी जवळच्या लवाद्याला संपूर्ण बांबू केंद्र उभं केलं आणि मेळघाटचा बांबू नावारूपाला आला. मला मात्र बांबू म्हटलं की आधी तो गाल आठवतो.)

ती वही दोन्ही बाजूंनी भरत असे. पुढून मोटारी, मागून उधारी.

84 च्या उन्हाळ्यात मी मामाकडे ओझरला गेलो. मामा एचएएलच्या विमान कारखान्यात. नाशिकजवळचा हा कारखाना मिगसाठीच उभा राहिला आणि तिथं सहाशेच्या वर मिग-21 तयार झाली. कारखान्यात मला कोण सोडणार! पण मामाच्या क्वार्टरच्या अंगणातून एक उडताना दिसलं, आणि दिसण्याआधी छातीत ऐकू आलं. धारणीला परतलो ते विमान करायचं असं ठरवूनच. ज्वारीच्या धांड्याचं धड, मिस्त्रींच्या दुकानातल्या बांबूच्या ढलप्यांचा सांगाडा, पंखांवर स्लॉटाचा कागद, पुढच्या तोंडात निमुळता शंकू. चाकांना शर्टाची बटणं. मी ते त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी उचललं, पालथं केलं, बटण फिरवून बघितलं.

“उडल्यावर चाक कुठं जाते याचं?”

मला माहीत नव्हतं. मी विमान पाहिलं होतं, चाक पाहिलंच नव्हतं. मी मामाला पत्र टाकलं. मामाचं निळं आंतरदेशीय उत्तर आलं: फॅक्टरीतल्या वस्तूंची चित्रं काढून पाठवता येत नसतात; एवढंच सांगतो की पाय पंखात जातो आणि चाक पोटात. ते मी मिस्त्रींना वाचून दाखवलं. त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं. पाय बाहेरून आत आडवा पडला तर चाकही त्याच्याबरोबर आडवं पडायला हवं. मग ते पोटात कसं जाईल? त्यांनी जाड तारेचा तुकडा वाकवला, सरळ केला, पुन्हा वाकवला. बऱ्याच वेळानं म्हणाले, “पंख पतला असन. चाक मावत नसन त्यात. म्हणून पाय निजते, अन् चाक उभंच राह्यते.” तारेला दोन जागी वळण देऊन त्यांनी ते करूनही दाखवलं: पाय आडवा होताना चाक पायाभोवती फिरून उभंच राहत होतं. मिग-21 चं चाक असंच आत जातं. दिल्लीला पालमच्या हवाई दलाच्या संग्रहालयात, उघड्यावर ठेवलेल्या मिगखाली वाकून मी ते बिजागर पाहिलं तेव्हा चाळिशी उलटली होती. धारणीतल्या त्या माणसानं विमान जवळून कधी पाहिलेलं नव्हतं.

आता चोरीचं. त्याच पावसाळ्यात मी दुकानातून छत्तीस नंबरचं एक छोटं रीळ खिशात घातलं. पंख्याची तार ती, केसासारखी, लालसर चमकदार. माझ्या विमानाला तिची गरज नव्हती. हातात घेतल्यावर ठेववली नाही, इतकंच. दोन दिवसांनी मिस्त्रींनी वही मागून उघडली आणि माझ्यासमोर धरली. ‘गुरुजीचा पोट्टा. 36 नं. 50 ग्रॅम.’ रक्कम लिहिली नव्हती. मी घरी पळालो, रीळ आणलं, पुढं केलं. त्यांनी घेतलं नाही.

“लिवलं ना आता. तुहं झालं ते.”

वडिलांना त्यांनी सांगितलं नाही. मला वाटलं, पैसे नाहीत तर कामानं फेडू, आणि मी जुन्या कॉइलींचे वेढे मोजायला बसू लागलो. कॉइलचं टोक छिन्नीनं कापायचं, कापलेल्या तारांच्या पाच-पाचच्या जुड्या करायच्या आणि आकडा वहीत लिहायचा. मी लिहिलेला आकडा मिस्त्री दुसऱ्यांदा मोजत नसत. याचा मला फार अभिमान होता.

जानेवारीत कळमखारकडच्या एका शेतकऱ्याची तीन हॉर्सपॉवरची मोटार आली. गहू ओंबीवर होता, घाई होती. मी मोजलं 43, लिहिलं 34. मिस्त्रींनी 34 वेढ्यांच्या कॉइली भरल्या. गावात तेव्हा व्होल्टेज इतकं पडलेलं असे की रिकामी फिरवली तेव्हा मोटार निमूट फिरली. शेतावर आठ दिवसांत जळाली. वेढे कमी पडले की मोटार करंट जास्त ओढते आणि स्वतःच्याच अंगानं तापते. मोटार बैलगाडीतून परत आली. शेतकरी चिडलेला, का नसेल, दोन पाणी चुकले होते. मिस्त्रींनी वही उघडली, मग खिळ्यावरची जुनी कॉइल उतरवून मोजली. मोजताना त्यांचे ओठ हलत होते. त्रेचाळीसवर थांबले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

“माहीच चूक हाय, भाऊ,” ते शेतकऱ्याला म्हणाले. “स्लॉट ढिले लागत होते मले. म्याच नाही पाह्यलं. सकाळी घेऊन जा.”

रात्री लाइट नव्हते. मी घरून कंदील आणला आणि पहाटेपर्यंत धरून बसलो. ते एक शब्द बोलले नाहीत. फक्त काच काळी झाली की “पूस” म्हणत. सकाळी मोटार गाडीवर चढली. पैसे घेतले नाहीत. नंतर मी वही चोरून पाहिली. पुढच्या बाजूला 34 खोडून 43 केलं होतं. मागच्या बाजूला माझ्या नावावर तेच जुने 50 ग्रॅम. त्या मोटारीत दोनदा गेलेलं तांबं कोणाच्याच नावावर नव्हतं.

86 ला वडिलांची बदली खाली मैदानात झाली. रीळ माझ्याबरोबर आलं आणि मग सगळीकडे आलं: अमरावतीचं हॉस्टेल, पुण्यातल्या भाड्याच्या खोल्या, लग्नानंतरचं घर.

2011 मध्ये मी मुद्दाम धारणीला गेलो. दुकानाच्या पुढच्या अर्ध्या भागात मोबाइलचं रिचार्ज, मागच्या अर्ध्यात मिस्त्री खाटेवर. मोतीबिंदूनं डोळे दुधासारखे झालेले. मी सांगितलं, गुरुजींचा मुलगा. त्यांनी मान हलवली. मी रीळ त्यांच्या हातात दिलं. त्यांनी सुटं टोक अंगठा आणि तर्जनीत धरून एकदाच गोल फिरवलं. “छत्तीस.”

“काका, त्याचे पैसे द्यायचे राहिलेत.”

“तवाच्या भावानं देशीन का आताच्या?”

मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. ते हसले, दात नव्हते. “राहू दे ना बे. खातं बंद केलं त येशीन कायले इकडं?”

मी त्या मोटारीचा विषय काढला. त्या तांब्याचं काय, असं काहीतरी बोललो. “कोणती मोटार?” ते म्हणाले. खरंच विसरले होते की नाही, ते त्या डोळ्यांवरून कळायला मार्ग नव्हता. पुन्हा जाणं झालं नाही. दोन वर्षांनी ते गेले, आणि मला कळलं ते आणखी सहा महिन्यांनी.

किट घेतलं ते त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. ते एमएफ जातीचं. नाशिकला 1973 पासून जे ‘एम’ बनलं, त्याचं हे सख्खं भावंड. खोबणीला हात घालण्याआधी मी वही केली. पालमला काढलेले फोटो, पुस्तकांतले फोटो. कोणती नळी कुठून निघते, कोणत्या कडेला वळते, कुठं भिंतीत शिरते. डाव्या बाजूला सतरा. दोनदा मोजल्या, आणि दुसऱ्या वेळी बायकोला मोजायला लावल्या. तिनंही सतराच सांगितल्या, वर ‘तुला बरं वाटत नाही का’ असं विचारलं.

तार आधी मेणबत्तीवरून झरकन फिरवायची. वार्निश जळतं, तांबं मऊ पडतं, आणि खोलीभर तो वास सुटतो. मग काचेवर ठेवून पोलादी पट्टीखाली लाटायची की ती सुतासारखी सरळ होते. वळण बारीक ड्रिलच्या दांड्याभोवती द्यायचं, नाहीतर कोपऱ्यात चपटी होते. खऱ्या विमानात नळीला ठरावीक अंतरावर पट्ट्या असतात. त्यांच्यासाठी गोळ्यांच्या पाकिटाच्या चांदीचे अर्धा मिलिमीटर रुंदीचे काप. सुईच्या टोकावर सुपरग्लूचा थेंब. ताज्या गोंदातली तार जागेवर सरकवायला चिमटा वापरला तर रंग खरडतो, म्हणून मी बांबूची पट्टी तासून घेतली. कडा उतरत्या. झाल्यावर गालावर फिरवली. एकदा सगळ्या तारा लागल्यानंतर लक्षात आलं की सहावी आणि सातवी एकमेकींच्या जागी गेल्यात. कोणाला दिसणार होतं? तरी त्या रात्री सगळं उपसलं. एका डाव्या खोबणीला माझे अकरा रविवार गेले. उजवीला चार; हात बसला होता.

26 सप्टेंबर 2025 ला चंदीगडला मिग-21 निवृत्त झालं. 1963 मध्ये पहिली आली तीही चंदीगडलाच. या विमानानं खूप वैमानिक घडवले, बरेच घेऊनही गेलं. त्याच्याबद्दल गोड बोलताना मला जरा संकोचच वाटतो. टीव्हीवर शेवटची उड्डाणं चालू होती आणि माझं पालथं माझ्या मांडीवर होतं. मी फक्त चाकं आत जाताना बघत होतो.

त्या संध्याकाळी मी हिशेबाला बसलो. दोन्ही खोबणी, कॉकपिट, नाकाच्या चाकाची पेटी, सगळं धरून अडीच मीटर तार लागली होती. छत्तीस नंबरची एक मीटर तार पाव ग्रॅमच्या आसपास भरते. स्वयंपाकघरातला वजनकाटा आणला, त्यावर रीळ ठेवलं. काटा एका ग्रॅमखालचं दाखवत नाही. रिकाम्या रिळाचं वजन अंदाजानं वजा केलं. 50.