एका दमात

२२ जुलै २०२५, शिरूर

पहाटे चारला घोड नदीकाठच्या वस्तीवरून आठ वर्षांची मुलगी आली. पोटदुखी. "जंत झाल्यात, ओवा चावायला दिला," आजी सांगत होती. अंगावर कुठं खूण नाही, सूज नाही. मण्यार साप चावला की हेच. दात इतके बारीक की झोपेत कळत नाही. बिबट्याच्या धास्तीनं इकडं दारं लावून झोपतात, पण झोपतात जमिनीवरच.

पापण्या जड झाल्या होत्या. मान उचल म्हटलं तर उचलली, पण धरवेना. "एका दमात आकडे म्हण गं." सव्वीसपर्यंत गेली. अर्ध्या तासानं सतरा, मग नऊ. बोटाचं मशीन तिन्ही वेळा ९८ दाखवत होतं आणि नव्या सिस्टर त्यावर निर्धास्त होत्या. स्नायू हरत असताना तो आकडा सगळ्यांत शेवटी पडतो. मुलाचा दम त्याच्याच मघाच्या दमाशी ताडायचा असतो.

सर्पविषावरच्या लसीच्या दहा बाटल्या दिल्या. मूल लहान म्हणून लस कमी द्यायची नाही. साप वजन बघून विष सोडत नाही. मात्र नसांच्या टोकांशी झालेला बिघाड लस परतवत नाही, पुढचा रोखते. थोड्या वेळानं श्वास घेताना तिचं पोट फुगायच्या ऐवजी आत जाऊ लागलं. श्वासपटल थकलं. नळी घातली, १०८ बोलावली आणि पुण्यापर्यंत हातानं अंबू बॅग दाबत गेलो.

२३ जुलै

मनगट दुखतंय. पुण्याहून तिच्या वडिलांचा फोन, रडत : "डोळ्याच्या बाहुल्या मोठ्या झाल्यात, उजेड दाखवला तरी हलत नाहीत. संपलं का हो सायेब?" मण्यारीच्या विषात बाहुल्याही लुळ्या पडतात; तेवढ्यावरून मेंदू गेला असं धरायचं नसतं. म्हटलं, तिला सगळं ऐकू येत असेल. कानाशी बसून बोलत राहा.

२५ जुलै, दौंड

इथं घाई नाही, हेच अवघड. डुशेनचा, म्हणजे स्नायू झिजत जाणाऱ्या आजाराचा मुलगा, तेरा वर्षांचा, तीन वर्षं चाकाच्या खुर्चीत. उभा राहत नाही म्हणून कोपर ते मनगट मोजून उंचीचा अंदाज काढला. फुंकीचा हिशेब उंचीवर ठरतो. बसून १.४ लिटर, आडवा झोपून १.०. पाव हिश्श्याहून जास्त घट, म्हणजे श्वासपटलच कमजोर. खोकल्याचा झोत मिनिटाला २४० लिटर. मोठ्या मुलांत २७० च्या खाली आला की साधी सर्दीही छातीत साचू शकते.

पण मशीनच्या आधी आईनंच सांगून टाकलं होतं : "सकाळी उठल्या-उठल्या डोकं दुखतं म्हणतो, वर्गात पेंगतो." रात्री श्वास उथळ होऊन कार्बन डायऑक्साइड साचत असणार. रात्रभराची तपासणी लिहून दिली. पोरगा खिडकीतून मालगाडीचे डबे मोजत होता. "काका, एका दमात बावीस डबे मोजले," म्हणाला. मोठ्यानं मोज म्हटलं, तर चौदा.

२९ जुलै, नागपंचमी

आज रान नांगरायचं नाही, काही चिरायचं नाही, उकडलेले दिंड खायचे. नागाची पूजा घरोघरी. मण्यारीला कोणी विचारत नाही. संध्याकाळी निरोप आला : पोरीची नळी काल काढली.

जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्त्याच्या भागात जीबीएसची, म्हणजे नसांवर हल्ला करून स्नायू लुळे पाडणाऱ्या आजाराची साथ आली, तेव्हाही ही आकड्यांची परीक्षा कामी येत होती. कारण वेगळं, पण हरणारे स्नायू तेच. अगदी तान्ह्यांना मोजता येत नाही, तिथं रडण्याचा आवाज ऐकायचा. आईला तो बारीक झालेला आपल्याआधी कळतो.

११ ऑगस्ट, शिरूर

ती आली, आजीच्या पदराआडून. आता घरात खाट घेतली, मच्छरदाणी गादीखाली खोचतात. उभी करून मोजायला लावलं. सत्तावीस, अठ्ठावीस, आणि थांबली. बोटावर बोट ठेवून छताकडं बघत राहिली, मग एकदम "तीस!" म्हणून हसली.

केसपेपरवर लिहिलं : २८. कंसात : दम शिल्लक, एकोणतीस आठवेना.