नंदी हिल्सची शिदोरी

बंगळूरहून नंदी हिल्स साधारण ६० किलोमीटर. पहाटे निघालात तर वर धुके भेटते, आणि माकडेही! मागच्या खेपेला त्यांनी टिपूच्या उन्हाळी महालाजवळ आमची पुऱ्यांची पिशवीच लांबवली. धाकटी रडवेली झाली, आम्ही दुपारपर्यंत उपाशी. आता पिशवी नाही, घट्ट झाकणाचे स्टीलचे डबे; आणि ते उघडायचे डोंगर उतरल्यावरच. दुधात भिजवलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, शिवाय शेजारच्या कन्नड मावशींनी शिकवलेला पुळियोगरे भात. चिंचेमुळे तो दिवसभर टिकतो. दहीभात हवाच असेल तर कोमट भातात भरपूर दूध आणि विरजणापुरतेच दही घाला. दुपारपर्यंत छान लागतो, आंबत नाही. कांदा घातलेली बटाट्याची भाजी मात्र घरीच संपवा, उन्हात ती लवकर विटते.