एक दोर कीं दोन?

गेले चार महिने आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवणाखेरीज सर्व कांहीं मांडलेलें असतें. एका कडेला फ्रान्स व इटली यांच्या सरहद्दीवरील डोंगरांचा नकाशा. तो गुंडाळला जाऊं नये म्हणून त्याच्या चार कोपऱ्यांवर लोणच्याची बरणी, मिठाचें भांडें, आईच्या औषधांची डबी व माझा चष्मा. दुसऱ्या कडेला व्हिसाचे कागद, विम्याचे कागद, आणि कोणतें सामान विकत घ्यावयाचें व कोणतें तिकडे भाड्यानें मिळेल याची यादी. मधल्या वीतभर जागेंत माझी आई, पत्नी, मुलगी व मी अशीं चौघें कशींबशीं जेवतों. हा डोंगर टेबलावरून केव्हां उतरणार, असें पत्नीनें दोनदां विचारून पाहिलें. जुलैचा पहिला आठवडा उलटला कीं उतरेल, असें मीं तिला सांगितलें आहे.

वाचकांनीं हसूं नये. पण वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षीं, सत्तावीस वर्षांच्या मुलीबरोबर, माँ ब्लांच्या शिखरावर जाण्याचा माझा बेत आहे. माझा म्हणणें हेंहि तितकेंसें खरें नव्हे. बेत मूळचा तिचा; मी त्याला पैशांनीं व काळजीनें चिकटलों.

ज्याच्या भेटीची तारीख आम्ही ठरवीत होतों त्याची उंचीच मुळीं पक्की नाहीं. माथ्यावर बर्फाची जाड टोपी आहे. वाऱ्यानें व हिमवर्षावानें ती कमीजास्त होते, आणि म्हणून दर दोन वर्षांनीं भूमापक वर जाऊन नवें माप घेतात. २०२१ सालीं तें ४,८०७.८१ मीटर भरलें, २०२३ सालीं ४,८०५.५९. भूगोलाच्या पुस्तकांतला एकच आकडा जन्मभर उराशीं धरून बसलेल्या माझ्यासारख्याला ही चैन जरा चमत्कारिक वाटते.

मार्गदर्शकांच्या बहुतेक योजना सहा दिवसांच्या असतात, आणि त्यांतले पहिले तीन दिवस माँ ब्लांवर पाऊलहि टाकावयाचें नसतें. त्या दिवसांत दुसरें एखादें शिखर चढून शरीराला विरळ हवेची ओळख करून द्यावयाची. आमच्या योजनेंत त्या जागीं इटलींतील ग्रान पारादीझो हें ४,०६१ मीटरांचें शिखर आहे. तेथेंच आमची परीक्षा. बुटांखालीं पोलादी दांत्यांचे क्रॅम्पॉन बांधून नीट चालतां येतें कीं नाहीं, दोर बांधल्यावर आपण पुढच्याला ओढतों काय, थकल्यावर डोकें कितपत ताळ्यावर राहतें, हें सर्व मार्गदर्शक पाहणार आणि मग पुढचें ठरविणार. चौथ्या दिवशीं दांत्यांच्या रुळावरून डोंगर चढणारी लहानगी आगगाडी, तिच्यापुढें पायवाट, व मुक्काम तेत रूस येथील ३,१६७ मीटरांवरच्या निवाऱ्यांत. पांचव्या दिवशीं गूतेचा निवारा, ३,८३५ मीटर. सहाव्या दिवशीं उत्तररात्रीं उठून शिखर, आणि त्याच दिवशीं खालीं.

पुण्याच्या माणसाला उंची सिंहगडाच्या मापानेंच कळते. आतकरवाडीपासून सिंहगड म्हणजे साधारण सहाशें मीटरांचा चढ. तेत रूस ते गूते हा टप्पा त्याहून थोडा अधिक. गूते ते शिखर म्हणजे दीड सिंहगड. बेरीज फार भयंकर दिसत नाहीं. त्याच भरंवशावर मी दर रविवारीं पाठीवर आठ किलो तांदूळ घेऊन सिंहगड चढतों. (तांदूळ तेच असतात, आतां ते घरांत कोणी शिजवूं म्हणत नाहीं.) पण सिंहगडावर पोहोंचल्यावर पिठलें-भाकरी मिळते, मडक्यांतलें दहीं मिळतें, आणि वाटेंत वरून दगड अंगावर येत नाहींत.

तेत रूसच्या वर एक मोठी घळ आडवी ओलांडावी लागते. तिला तिकडचे लोक मृत्यूची घळ म्हणतात. ओलांडावयास लागणारा वेळ मिनिटांत मोजण्याइतका. पण तेवढ्यांत वरून धोंडे सुटतात. खडकांच्या भेगांतील जें बर्फ त्यांना चुन्यासारखें सांधून ठेवी, तें आतां उन्हाळ्यांत वितळूं लागलें आहे. १९९० ते २०१७ या काळांत या एका टप्प्यावर शंभराहून अधिक माणसें मेलीं. २०२२ च्या उन्हाळ्यांत तर दगड इतके सुटूं लागले कीं, मार्गदर्शकांच्या अनेक मंडळ्यांनीं त्या वाटेनें लोकांना नेणेंच थांबविलें. आणि पायथ्याच्या सें-झेर्व्हे गांवच्या नगराध्यक्षांनीं, तरीहि जाऊं पाहणाऱ्यांकडून सुटकेच्या व अंत्यविधीच्या खर्चासाठीं पंधरा हजार युरो अनामत घ्यावी, अशी सूचना केली. घळ ओलांडावयाची ती सकाळच्या थंडींत, दगड गोठलेले असतांना, हा त्यावरचा उपाय. शिखरावरून परततांना ती पुन्हां लागते, आणि तेव्हां सूर्य वर आलेला असतो. हा सगळा मजकूर मीं पत्नीपासून लपवून ठेविला होता. तिनें तो माझ्याआधींच वाचला होता, असें मागाहून कळलें.

विम्याची गंमत याच प्रकरणांतली. व्हिसासाठीं निदान तीस हजार युरोंचा विमा लागतो, म्हणून मीं तो उत्साहानें घेतला. नंतर भिंग घेऊन बारीक अक्षरें वाचलीं, तों ज्या चढाईला दोर व मार्गदर्शक लागतो ती विम्याबाहेर! म्हणजे फ्रान्सांत जिन्यावरून पडलों तर भरपाई, डोंगरावरून पडलों तर आमचें आम्ही. निराळा विमा शोधण्यांत पंधरा दिवस गेले.

आईला घळीचें भय नाहीं. तिचा प्रश्न पहिल्याच दिवशीं ठरलेला होता. "भाभांचें विमान पडलें तो हाच ना रे डोंगर?" हाच. २४ जानेवारी १९६६ रोजीं मुंबईहून लंडनला निघालेलें एअर इंडियाचें ‘कांचनजंगा’ विमान जिनीव्हाला उतरण्यापूर्वीं या डोंगरावर आदळलें आणि डॉ. होमी भाभांसह त्यांतलीं ११७ माणसें गेलीं. त्यापूर्वीं ३ नोव्हेंबर १९५० रोजीं ‘मलबार प्रिन्सेस’ हें विमानहि अठ्ठेचाळीस माणसांसह येथेंच पडलें होतें. आई तेव्हां गिरगांवांत राहत असे, आणि चाळींतल्या एकुलत्या एका रेडिओभोंवतीं जमलेले चेहरे तिला अजून आठवतात. २०२० सालीं बॉसाँ हिमनदीच्या बर्फांतून जानेवारी १९६६ चीं भारतीय वर्तमानपत्रें बाहेर आलीं. इंदिरा गांधींच्या निवडीची बातमी त्यांत वाचतां येत होती. हें मीं आईला सांगितलें. ती क्षणभर गप्प राहिली आणि म्हणाली, "चौपन्न वर्षें पेपर टाकावयास घेतलीं म्हणायचीं." मग आपल्या औषधाची डबी नकाशावरून उचलून ती आंत गेली. त्या दिवशीं तो कोपरा मीं पेल्यानें दाबला.

हिमनदी ही नदीच आहे. वर जें तिच्या स्वाधीन होतें तें ती सावकाश खालीं आणून सोडते. याच बॉसाँनें १८६१ सालीं तीन मार्गदर्शकांचे अवशेष परत केले. ते २० ऑगस्ट १८२० रोजीं गेलेले. रशियाहून आलेल्या डॉक्टर हामेलबरोबर ते चढत होते. हवा बिघडलेली, बर्फ ताजें. मार्गदर्शकांचें मन पुढें जाण्याचें नव्हतें. डॉक्टरांचा आग्रह पडला. हिमलोट आला, आणि तिघे एका भेगेंत गेले, डॉक्टर वांचले. दुसऱ्याच वर्षीं शामोनीच्या मार्गदर्शकांनीं आपली संघटना उभारली, तिच्या पाठीमागें हा अपघात होता. आमच्या करारांत एक कलम आहे: परत फिरण्याचा निर्णय मार्गदर्शकाचा, आणि फिरल्यास पैसे मिळणार नाहींत. प्रथम वाचतांना मला ती निव्वळ दुकानदारी वाटली होती. हामेलची हकीकत वाचल्यावर मीं मुकाट्यानें सही केली.

माझी झोंप उडविली ती मात्र दुसऱ्याच एका ओळीनें. माँ ब्लांवर एका मार्गदर्शकाबरोबर फार तर दोन माणसें, असा तेथील शिरस्ता आहे. हिमनदीवर वरचें बर्फ सपाट दिसतें, खालीं भेग असते. एक जण आंत गेला तर दोरावरच्या इतरांनीं त्याला तोलावयाचें. शिखराजवळची धार तर इतकी अरुंद कीं, एका माणसानें दोघांहून अधिकांना सांभाळणें शक्य नाहीं. शिरस्ता रास्त आहे. पण त्याचा अर्थ असा कीं, मुलगी, मी व मार्गदर्शक या तिघांचा एक दोर. आणि माझे पाय थांबले कीं तिघेंहि मागें.

हें आम्ही एकदां अनुभवलें आहे. दोन वर्षांपूर्वीं लडाखमध्यें सहा हजार मीटरांच्या एका शिखरावर आम्ही दोघें एका मार्गदर्शकाबरोबर गेलों होतों. पहांटे, माथा समोर दिसत असतांना, मी बर्फावर बसलों आणि ओकलों. मार्गदर्शकानें माझ्या डोळ्यांकडे एकवार पाहिलें व दोराची दिशा बदलली. मुलीनें माझी पिशवी आपल्या पाठीवर घेतली. उतरतांना ती पुढें होती. एकदांहि मागें वळून तिनें शिखराकडे पाहिलें नाहीं. घरीं आल्यावर तिनें त्याचा शब्द काढला नाहीं, मींहि नाहीं. न बोललेली गोष्ट घरांत पालीसारखी राहते. दिसत नाहीं, पण अधूनमधून चुकचुकते.

आतां शामोनीच्या अर्जांत प्रश्न होता: पूर्वीं कधीं उंचीचा त्रास झाला आहे काय? मीं लिहिलें, ‘किरकोळ डोकेदुखी.’ तीन दिवस तो कागद तसाच टेबलावर पडून होता. मग तें खोडून जें झालें तें लिहिलें, आणि त्याच पत्रांत, मुलीस न सांगतां, दुसरा मार्गदर्शक मिळेल काय असें विचारलें. म्हणजे दोन दोर. मी खालीं राहिलों तरी ती वर जाईल. उत्तर चार ओळींचें आलें. मिळेल, माझी हकीकत पाहतां तेंच बरें, पण ठरवावयाचें तर आतांच, कारण जुलैंत ऐन वेळीं मार्गदर्शक मिळत नाहींत, आणि २०१९ पासून त्या वाटेवर निवाऱ्यांतलें आरक्षण नांवनिशीवार असावें लागतें. दुसऱ्या मार्गदर्शकाचें मानधन माझ्या विमानाच्या तिकिटाहून अधिक होतें.

मीं मनांत एक छोटेसें भाषण तयार केलें. ती म्हणणार, ‘बाबा, तुम्हांला खालीं टाकून मी वर जाणार नाहीं,’ आणि मग मी बापाला शोभेल अशा उदारपणानें तिची समजूत घालणार, असा एकंदर प्रवेश होता. रात्रीं जेवणें झाल्यावर मीं तें उत्तर तिच्यापुढें ठेविलें. तिनें वाचलें.

"घ्या," ती म्हणाली. "मीच तुम्हांला सांगणार होतें. दोन महिने धीर होत नव्हता."

भाषणाची गरज उरली नाहीं. खरें सांगावयाचें तर मला लागलें. माणूस त्याग करावयास निघतो तेव्हां समोरच्यानें निदान थोडी ओढाताण करावी अशी त्याची अपेक्षा असते. मी कांहींतरी बोलावयाचें म्हणून म्हणालों, "लडाखला तुझें शिखर माझ्यामुळें गेलें."

"शिखराचें वाईट वाटलें होतें," ती म्हणाली, "पण तुम्ही आजारी पडलांत त्याचा राग नव्हता, बाबा. आदल्या रात्रीं मीं तंबूंत तुम्हांला विचारलें, डोकें दुखतंय का. तुम्ही म्हणालांत, झोंप नाहीं एवढेंच. आपल्यापाशीं एक दिवस शिल्लक होता. तुम्ही खरें सांगितलें असतें, तर आपण तो दिवस खालीं थांबलों असतों. कदाचित् दोघेंहि वर गेलों असतों."

तो शिल्लक दिवस मीच योजनेंत घातला होता. किती हौसेनें घातला होता! आणि ज्या रात्रीं तो लागला, त्या रात्रीं मीं तो खिशांतच ठेविला. दोन वर्षें मी स्वतःला माझ्या शरीराबद्दल क्षमा मागत होतों. तिचें म्हणणें निराळेंच होतें.

मग आम्ही सगळी योजना पुन्हां काढून बसलों. दुसऱ्या मार्गदर्शकाच्या निम्म्या पैशांवर ती अडून बसली. मला तें मान्य करावें लागलें. तिची अट एकच: रोज रात्रीं दोन्ही मार्गदर्शकांसमोर ती मला डोक्याचें विचारणार, आणि मीं दहापैकीं गुण सांगावयाचे. मीं परतीचें तिकीट दोन दिवस पुढें ढकललें. हवा बिघडली किंवा माझें डोकें बिघडलें, तर ते दिवस हाताशीं असावेत. शामोनीला होकार कळविला. अर्ज आतां दोन झाले, कारण दोर दोन. संकटसमयीं कोणास कळवावें, या रकान्यांत आम्ही दोघांनींहि एकच नांव व एकच क्रमांक लिहिला.

पत्नी इतका वेळ दाराशीं उभी होती. तिनें दोन्ही अर्ज उचलून दिव्याखालीं धरले, आपला क्रमांक बरोबर आहे कीं नाहीं तें दोन्हींवर बोट ठेवून पाहिलें.

"म्हणजे फोन आतां दोन यावयाचे," ती म्हणाली.

"दोन," मुलगी म्हणाली. "आणि बाबांचा आधीं आला तर घाबरूं नकोस. ते खालीं आले असतील, एवढेंच."

पत्नीनें अर्ज जागच्या जागीं ठेविले, आणि सकाळच्या तांदळांची पिशवी दारापाशीं आणून ठेवण्यास मला सांगितलें. दुसऱ्या दिवशीं रविवार होता.