मामांचा फ्लॅट, माझा व्हिसा

जर्मनीतल्या बहुतेक राज्यांत सरकारी विद्यापीठं शिक्षणशुल्क घेत नाहीत, परदेशी विद्यार्थ्यांकडूनही नाही. हे मी घरी सांगितलं तेव्हा अण्णांनी लगेच विचारलं, "मग एवढे पैसे लागतात कशाला?"

प्रश्न बरोबर होता. शिकणं फुकट असलं तरी राहणं-खाणं फुकट नाही, आणि वर्षभराचा तो खर्च आपल्याला झेपेल हे व्हिसा मिळण्याआधीच दाखवावं लागतं. त्यासाठी 'ब्लॉक्ड अकाउंट' उघडतात. खातं विद्यार्थ्याच्याच नावाचं. पैसे आधी भरायचे आणि तिथं पोचल्यावर दर महिन्याला ठरलेली रक्कम काढायची. २०२४ च्या उन्हाळ्यात त्यासाठी ११,२०८ युरो पुरत होते. १ सप्टेंबरपासून ११,९०४ झाले, म्हणजे महिन्याला ९९२. माझं कर्ज मंजूर होता होता सप्टेंबर उजाडला, म्हणून आम्हाला वाढीव रक्कम भरावी लागली. फरकच साठ हजार रुपयांच्या वर गेला. एकूण आकडा अकरा लाखांच्या आसपास.

आमच्याकडे अकरा लाखांची ऐपत नव्हती असं नाही. कवठेमहांकाळ तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे, विहीर आहे, मंडप-तारांवर घातलेला पैसा आहे. पण तो सगळा रानात उभा असतो. माल फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये निघतो, आणि हातात आलेल्या रकमेतून औषधं, मजुरी, सोसायटीचं कर्ज भागवलं की पासबुकावर फारसं उरत नाही. अण्णांनी शीतगृहात ठेवलेला बेदाणा दर पडलेला असतानाच सौद्याला काढला आणि कर्जासाठी लागणारं मार्जिन उभं केलं. दिवाळीपर्यंत थांबले असते तर भाव चांगला मिळाला असता, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळत होतं.

खरी अडचण तारणाची होती. साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला बँक तारण मागते. आम्ही सातबारा घेऊन गेलो. शाखाधिकारी भले गृहस्थ होते. त्यांनी आम्हाला बसवून नीट समजावलं: थकलेल्या कर्जाचं तारण ज्या सरफेसी कायद्याखाली बँका कोर्टात न जाता ताब्यात घेतात, त्या २००२ च्या कायद्याच्या कलम ३१ नं शेतजमीन वगळलेली आहे. जमीन वसुलीत जाऊ नये म्हणून शेतकऱ्याला दिलेलं हे संरक्षण. ते मला आजही हवंसं वाटतं. पण त्याच कारणानं शैक्षणिक कर्जाला ती जमीन चालत नाही. गावठाणातल्या घराचा ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा दाखवला, तोही पुरेना. अण्णा बाहेर येऊन बराच वेळ मोटारसायकलपाशी उभे राहिले. पंचवीस वर्षं बाग सांभाळलेला माणूस बँकेच्या हिशेबात बिनतारणाचा निघाला, हे मला फार लागलं.

संध्याकाळी सांगलीहून मामांचा फोन आला. आईनं आधीच कळवलं होतं. ते अण्णांना एवढंच म्हणाले, "दाजी, माझ्या फ्लॅटचे कागद तयार आहेत. उद्या या." मामी शेजारी असणार, कारण मागून त्यांचा आवाज आला, "तिला म्हणावं काळजी करू नकोस." मूल्यांकन झालं, वकिलाचा सर्च रिपोर्ट झाला, मामा-मामींच्या सह्या झाल्या आणि कर्ज मिळालं.

जर्मनीच्या अटीवर माझा राग नाही. परक्या शहरात पहिल्याच महिन्यात घरभाड्यावाचून मूल अडकू नये, हा तिचा हेतू मला पटतो. राग आहे तो आपल्याकडच्या व्यवस्थेवर. ज्याचा मामा शहरात नाही, किंवा आहे पण त्याचा फ्लॅट आधीच गहाण आहे, त्या शेतकऱ्याच्या मुलीनं काय करायचं? पीककर्जाला चालणारी जमीन शिक्षणाला चालत नसेल, तर सरकारनं हमी घ्यावी. आज बिनतारण कर्जाला अशी हमी आहे, पण तिची मर्यादा साडेसात लाखांची. ती वाढवा, एवढीच माझी मागणी आहे.

बाकीची कागदपत्रं त्यामानानं सरळ. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना दिल्लीच्या एपीएसचं प्रमाणपत्र सक्तीचं आहे. आपली पदवी आणि गुणपत्रिका अस्सल आहेत, हे ते तपासून देतात. त्याचे १८ हजार रुपये भरले.

मन लागलं ते हेतुपत्र लिहिताना. पदवीनंतर मी दोन वर्षं घरी होते. अवकाळी पावसानं बागेवर डाऊनी आला, अण्णांची कंबर धरली, आणि फवारणीचं वेळापत्रक, मजुरांचे पगार, हिशेब सगळं माझ्याकडे आलं. ही 'गॅप' झाकून टाक, कुठल्यातरी कोर्सचं सर्टिफिकेट जोड, असा सल्ला एका एजंटानं दिला. मी जोडलं नाही. म्हैसाळ योजनेचं पाणी येण्याआधी टँकरनं जगवलेली बाग, पाणी आल्यावर बदललेलं गाव, आणि तरीही शेवटच्या वितरिकेवर न पोचणारं आवर्तन, हे सगळं लिहिलं. मला जलव्यवस्थापनच का शिकायचंय, याचं दुसरं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

पुण्याच्या व्हिसा केंद्रात ७५ युरोंएवढी फी भरली, बोटांचे ठसे दिले, फाईल दिली. खिडकीवरचा माणूस फक्त कागद घेतो. निर्णय मुंबईच्या वाणिज्य दूतावासात होतो. माझी मुलाखत झालीच नाही. जे सांगायचं ते कागदांनीच सांगायचं होतं. नकार आला तर तेव्हा निदान लेखी फेरविचार मागता येत असे. १ जुलै २०२५ पासून ती सोयही बंद झाली आहे, त्यामुळे आता जाणाऱ्यांनी फाईल पहिल्यांदाच पुरी द्यावी.

व्हिसा आला तेव्हा सत्र सुरू झालं होतं. विद्यापीठानं उशिरा यायची परवानगी दिली आणि मी ड्रेस्डेनला पोचले.

कर्ज फिटेपर्यंत फ्लॅटचे कागद बँकेतच राहणार. मामांची धाकटी यंदा बारावीला आहे, तिला पुढं बाहेर शिकायचंय. पदवी झाल्यावर मी मिळवायला लागले की पहिले हप्ते मी वेगानं फेडणार आहे, हे मी मामींना कळवलंय. पण तिची पदवी होईपर्यंत ते कागद सुटतील का, याचं गणित मी दर महिन्याला नव्यानं मांडते, आणि अजून ते जुळलेलं नाही.