घाट चढून लंडनला

मुंबई ते लंडन हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर, वेळ साडेनऊ-दहा तास. सोयगावच्या माणसाचा प्रवास मात्र त्याच्या कितीतरी आधी सुरू होतो.

नोव्हेंबरअखेर लेकीकडे निघालो तेव्हा कापसाची वेचणी जोरात होती. फर्दापूरला हमरस्त्याला लागलो, मग अजिंठ्याचा घाट, सिल्लोड, फुलंब्री. शंभरावर थोडे किलोमीटर, तीन तास गेले. चिकलठाण्याहून मुंबईचे विमान तासाभराचे. पण दोन्ही विमानतळांवरचे थांबणे धरले, तर लंडनच्या विमानाची चाके उचलली तेव्हा घर सोडून बारा तास उलटले होते. सरळ रेषेत मी घरापासून साडेतीनशे किलोमीटरही आलो नव्हतो.

याच वाटेने एकेकाळी अजिंठा लंडनला गेला. लेण्या आमच्याच तालुक्यातल्या. मेजर रॉबर्ट गिल 1844 पासून तिथल्या भित्तिचित्रांच्या मोठमोठ्या प्रतिकृती रंगवत होता. सुएझ कालवा 1869 साली खुला झाला. त्याआधी मालाची जहाजे आफ्रिकेला वळसा घालून जात, मुंबईहून सुमारे 20,000 किलोमीटर. एवढे अंतर कापून गेलेली गिलची बहुतेक चित्रे डिसेंबर 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाली. घाटातून जाताना दर वेळी हे आठवते आणि जीव हळहळतो.

रात्रभर समोरच्या पडद्यावरून माझी नजर हलली नाही. सपाट नकाशावर आमची वाट उत्तरेकडे फुगलेली दिसत होती. पृथ्वी गोल, म्हणून जवळची वाट तशीच असते. एखाद्या देशाचे आकाश बंद असले की वळसा पडतो तो वेगळाच. एरवी ताशी 900 किलोमीटरच्या आसपास जाणारे विमान जमिनीच्या हिशेबाने 790 दाखवत होते, मध्येच 770. बाहेर उणे 56 अंश. उंचावर पश्चिमेकडून पूर्वेला जोरदार वारा वाहतो, हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो, आणि आम्ही त्याच्या तोंडावर चाललो होतो. परतीला तोच वारा पाठीशी येतो. तासाभराचा फरक सहज पडतो.

हीथ्रोला उतरून घड्याळ साडेपाच तास मागे घेतले. गाडीत बसल्यावर लेकीने विचारले, "बाबा, विमानात फार अवघडलात का हो?" म्हटले, "विमानाचं काही नाही गं, घरापासून मुंबईच लांब पडते."

जालना-जळगाव या 174 किलोमीटरच्या नव्या रेल्वेमार्गाला केंद्राने ऑगस्ट 2024 मध्ये मंजुरी दिली आहे. अजिंठ्याला रेल्वेने जोडणारा हा मार्ग झाला, की आमच्या तालुक्यातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना रात्री-अपरात्री घाट चढून विमान गाठायची धडपड करावी लागणार नाही. तो लवकर व्हावा.