स्टेशन खाली, गाव वर

सिसिलीला निघालेले ओळखीचे लोक विचारतात, "पालेर्मो पाहून झालं की आतल्या गावांत कसं जायचं?" मी सांगतो, आधी गावाचं नाव वाचा.

८२७ मध्ये मुस्लिम फौज माझाराला उतरली आणि पुढे अकराव्या शतकात नॉर्मन येईपर्यंत या बेटावर मुस्लिम राजवट होती. सत्ता गेली, नावं राहिली. काल्तानिसेत्ता, काल्ताबेल्लोत्ता यांतलं 'काल्ता' म्हणजे अरबी कलआ, आपला किल्ला. जिबेल्लिनात जबल आहे, म्हणजे डोंगर. मिसिल्मेरी म्हणजे अमीराची मंझिल. उर्दू येणाऱ्याला बसची पाटी वाचताना नातेवाईक भेटल्यासारखं वाटतं.

पण याचा उपयोग अभिमानापुरता नाही. किल्ला म्हटला की चढ आलाच. एन्नाचं जुनं अरबी नाव कस्र याना. गाव ९०० मीटरहून उंचावर आणि रेल्वे स्टेशन काही किलोमीटर खाली दरीत. अम्मींचे गुडघे दुखतात, म्हणून आम्ही अशा ठिकाणी रेल्वे सोडून बस धरली. बस वर गावात नेते.

बसच्या वेळापत्रकातले तीन शब्द पाठ करा. 'फेरियाले' म्हणजे सोमवार ते शनिवार. 'फेस्तिवो' म्हणजे रविवार आणि सणाचे दिवस. 'स्कोलास्तिको' म्हणजे फक्त शाळेच्या दिवशी धावणारी गाडी. आपल्याकडे शाळेच्या वेळेची एसटी मे महिन्यात बंद होते, तसंच हे. तिथे जुलै-ऑगस्टमध्ये सुट्टी असते. रविवारी बऱ्याच गावांना एकही बस नसते, म्हणून रविवार शहरातच काढावा.

तिकीट बऱ्याचदा 'तबाक्की' या तंबाखूच्या दुकानात मिळतं. पाटीवर मोठा 'टी' असतो. दुपारी दुकानं बंद असतात, म्हणून परतीचं तिकीट सकाळीच घ्या. लोकल रेल्वेचं कागदी तिकीट चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं, नाहीतर दंड होतो.

खाण्याचंही एक सांगतो. कान्नोली या गोड पदार्थाच्या कवचात बऱ्याचदा डुकराची चरबी असते. तिला 'स्त्रुत्तो' म्हणतात. "चे स्त्रुत्तो?" एवढं विचारलं तरी पुरतं. त्रापानीकडे माशांचा कुसकुस मिळतो, तो आवर्जून खा.

आणि गावात उतरल्यावर किल्ला, चर्च, बाजार पाहण्याआधी परतीच्या शेवटच्या बसची वेळ लिहून घ्या. सोबत म्हातारं माणूस असेल तर शेवटच्या नव्हे, तिच्या आधीच्या बसने निघा.