थोरलेपण

घरात मृत्यू आला की सांत्वनही वयाप्रमाणे वाटले जाते. मोठ्यांना रडण्याची मुभा असते, लहानग्यांना शेजारी खेळायला धाडतात; पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या वाट्याला मात्र उपदेश येतो. धीर धर, धाकट्यांपुढे रडू नकोस, मनात चांगले विचार आण. जबलपूरला माझे वडील गेले तेव्हा मी दहावीत होते. ग्वारीघाटावर नर्मदेत अस्थी सोडून माणसे परतली आणि त्या संध्याकाळपासून मी शहाणी मुलगी ठरले. शरीराने ते शहाणपण मानले नाही. रात्र रात्र झोप येत नसे, डोके ठणके, पाठ असलेली प्रमेये ऐनवेळी आठवत नसत. डोळ्यांची वाट अडवली की शोक आडवाटांनी जातो, हे सांगणारे कोणी नव्हते.

पुढे महाविद्यालयात असताना हरिशंकर परसाईंचे आत्मपर लेखन वाचनात आले. जबलपूर हीच कर्मभूमी मानलेल्या या हिंदी व्यंग्यलेखकाला १९८२ साली साहित्य अकादेमीचा पुरस्कार मिळाला होता. १९३६-३७च्या सुमारास, ते आठवीत वगैरे असताना, गावात प्लेग आला. लोक घरे सोडून रानात राहायला गेले. आई अंथरुणाला खिळलेली म्हणून परसाईंचे कुटुंब तेवढे ओस वस्तीत राहिले. रात्री सारे मिळून आरती म्हणत. म्हणता म्हणता वडिलांना हुंदका फुटे, आई मुलांना कवटाळी आणि सगळेच रडू लागत. अशाच एका रात्री ती गेली. पाच भावंडांत परसाई थोरले. त्या मरणाचा अर्थ एकट्या त्यांनाच कळला. पुढे वडील खचले, धंदा बसला आणि मॅट्रिक होताच मुलाने जंगल खात्यात नोकरी धरली.

मी त्या आरतीपाशी थबकले. ते घर भयाने वेढलेले होते. तरीही तिथे मुलांपुढे रडण्याची लाज कोणाला नव्हती. थोरलेपणाचे ओझे परसाईंवरही पडले, पण त्याआधी त्यांना सर्वांबरोबर रडता आले होते. त्यांची पुढची निर्भयता आणि उपरोध मला त्या रडण्याच्या विरोधात कधी वाटले नाहीत. आशेला अवधी लागतो. तिची सक्ती केली की पोरके मूल आणखी एकटे पडते.

आता कोणाकडे समाचाराला गेले, की मी घरातल्या थोरल्या मुलाजवळ बसते. धीर धर म्हणत नाही. बाबांना काय आवडायचे, एवढेच विचारते आणि वाट पाहते.